आजार पिशवीबाहेरचा

वेचणीच्या दिवसांत आमच्या वावरात एक जागा ठरलेली असायची. धुऱ्यावरच्या बाभळीखाली, कापसाच्या गाठोड्याला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन माझी नणंद बसलेली असायची. महिन्यातले दोन दिवस, कधी तीन. ओठ पांढरे पडलेले, नोव्हेंबरच्या गारव्यातही कपाळावर घाम. "वयनी, तुमी चाला पुढं, मी येतो जराशानं," एवढंच म्हणायची. सासूबाई तासातून हात न थांबवता म्हणायच्या, "आमाले का दुखत नोतं? पाळी हाय, दुखनच." त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांनाही त्यांच्या सासूने तेच सांगितलं होतं.

रात्री चुलीशी वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि पोटावर ठेवून झोपायची. वर्षानुवर्षं असं शेकून तिच्या ओटीपोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडले होते. ते डाग पुढे एका डॉक्टरबाईंच्या नजरेला पडले, ते सांगेनच.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पाळीचं चक्र दरवर्षी फळ्यावर काढते. तरी माझ्याच घरातल्या पोरीच्या दुखण्याला नाव मिळायला अकरा वर्षं गेली. दहावीत दुखायला लागलं, नाव कळलं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मधल्या काळात तिचं अपेंडिक्स काढून झालं. 'पिशवीला सूज' म्हणून अँटिबायोटिकचे तीन-चार कोर्स झाले. 'लग्न झालं की थांबेल' ऐकून झालं, लग्नानंतर 'मूल झालं की थांबेल' ऐकून झालं, आणि मूल तर राहत नव्हतं. शेवटी सोनोग्राफीच्या एका कागदावर 'चॉकलेट सिस्ट' असे शब्द आले. तो कागद घेऊन ती माझ्यापाशी आली आणि विचारलं, "वयनी, मी का गोड जास्त खाल्लं का?"

त्या संध्याकाळी ओसरीवर बसून तिला जे सांगितलं, आणि नंतर वाचून-विचारून जे कळत गेलं, ते इथे लिहिते आहे. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. नाव तोंडात बसायला वेळ लागतो, पण एक गोष्ट नीट धरली की बाकीचं आपोआप उलगडतं: हा आजार गर्भपिशवीच्या आतला नाही, बाहेरचा आहे.

पिशवीला आतून एक मऊ अस्तर असतं. दर महिन्याला इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन ते वाढवतं, प्रोजेस्टेरॉन नावाचं दुसरं हार्मोन ते सांभाळून ठेवतं. गर्भ राहिला नाही की दोन्ही हार्मोन उतरतात, अस्तर सुटतं आणि रक्ताबरोबर बाहेर पडतं. ती पाळी. एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारख्याच पेशी भलत्याच जागी रुजलेल्या असतात. अंडाशयावर, पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर, पिशवीच्या मागच्या खोलगट जागेत, आतड्यावर, लघवीच्या पिशवीवर, क्वचित अगदी वर छातीच्या पडद्यापर्यंत. हार्मोन रक्तातून सगळीकडे फिरतात, त्यामुळे तिथल्या पेशीही महिन्याच्या महिन्याला फुगतात आणि त्यांतूनही रक्त येतं. फरक इतकाच की त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही.

मग शरीर त्या जागेला जखम समजून वागतं. सूज येते, ती ओसरते, वण राहतो, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. अशा वणांमुळे पिशवी, अंडाशय आणि आतडी एकमेकांना चिकटतात, ओले पापड एकावर एक ठेवले की चिकटतात तशी. अंडाशयात रक्त साचत गेलं तर त्याची गाठ होते आणि आतलं जुनं रक्त काळपट, दाट होतं. त्या रंगावरून तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. गोड खाण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. नणंदेला मी म्हटलं, गुळाच्या पाकाचा तळ कसा काळा होतो, तसं आतलं रक्त झालंय. तिला ते पटलं.

या जागांमध्ये नवीन रक्तवाहिन्या येतात, तशा मज्जातंतूंच्या बारीक फांद्याही येतात. म्हणून दुखणं साध्या कळांसारखं राहत नाही. पाळीच्या आधीच सुरू होतं, पाळी संपल्यावरही रेंगाळतं. पाळीत शौचाला बसताना सुरी फिरल्यासारखं होतं, लघवीला जळजळतं, कंबर आणि मांड्या भरून येतात. नवऱ्याजवळ जाताना आत खोलवर दुखतं, आणि हे तर बाई कुणालाच सांगत नाही. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू त्या कळांना सरावण्याऐवजी उलट जास्त हळवे होतात, थोड्याशा कारणानेही जास्त दुखायला लागतं. दुखण्याचा आणि आजाराच्या पसाऱ्याचा मेळही बसत नाही. चार बारीक ठिपके असलेली बाई गडाबडा लोळते, आणि मोठी गाठ असलेली एखादी मूल का राहत नाही म्हणून तपासायला जाते तेव्हाच तिला गाठीचा पत्ता लागतो. म्हणून 'रिपोर्टात तर थोडंसंच आहे, एवढं कसं दुखेल?' असं कुणी म्हटलं तर ते म्हणणं चूक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे दहा टक्के मुली आणि बायकांना हा आजार आहे, जगभरात १९ कोटी. त्याच संघटनेच्या म्हणण्यानुसार निदान व्हायला सरासरी ४ ते १२ वर्षं जातात. म्हणजे नणंदेची अकरा वर्षं काही जगावेगळी नव्हती. साठ मुलींच्या वर्गात मी शिकवते तेव्हा हा दहा टक्क्यांचा हिशेब डोक्यात आपोआप होतो. महिन्याला ठरावीक दोन दिवस गैरहजर राहणारी मुलगी हजेरीपटावर दिसतेच, पाहायचं ठरवलं तर.

बी सगळ्यांच्या वावरात पडतं

या पेशी बाहेर जातात कशा? या प्रश्नावर शंभर वर्षं काम चालू आहे आणि पूर्ण उत्तर अजून हाती नाही.

पहिलं मोठं उत्तर जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी दिलं. ते न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बानीत काम करत. १९२१ मध्ये त्यांनी या चॉकलेटी गाठींवर लिहिलं आणि १९२७ मध्ये मांडलं की पाळीचं सगळं रक्त खाली जात नाही, थोडं उलटं वर चढतं, गर्भनळ्यांतून पोटात सांडतं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. आपल्याकडे पुराच्या दिवसांत नदी तुडुंब भरली की तिचं पाणी गावाच्या नाल्यात उलटं शिरतं, तसं. भामरागडचे लोक हे दर पावसाळ्यात पाहतात.

या म्हणण्याला एक बोलका पुरावा आहे. सिझर झालेल्या काही बायकांच्या टाक्यांच्या जागी पुढे गाठ येते आणि ती दर पाळीत दुखते, फुगते. ऑपरेशनच्या वेळी पिशवीच्या अस्तराच्या पेशी तिथे पोहोचल्या आणि रुजल्या. म्हणजे पेशी नव्या जागी नेली तर ती धरते, हे खरं. (तुमच्या ओळखीत कुणाला अशी गाठ असेल, तर 'टाका पिकला' म्हणून सोडून देऊ नका.)

पण मग अडचण येते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गर्भनळ्या मोकळ्या असलेल्या बायकांची पाळीच्या सुमारास दुर्बिणीतून तपासणी केली तेव्हा दहातल्या नऊ जणींच्या पोटात रक्त सापडलं. उलटा प्रवाह जवळजवळ सगळ्यांनाच होतो आणि आजार मात्र दहातल्या एकीलाच. माझ्या मते या आजाराचं मर्म याच कोड्यात आहे, आणि विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात ते समजावणं सोपं आहे. कुंदा आणि हराळी या तणांचं बी वाऱ्याने, पाण्याने सगळ्यांच्याच वावरात येतं. एकाच्या वावरात ते निंदणात निघून जातं, दुसऱ्याच्या वावरात मुळं धरतं आणि मग पिढ्या जातात तरी हटत नाही. बी तेच, जमीन वेगळी. आजचं बरंचसं संशोधन बियाणं सोडून जमिनीकडे वळलं आहे.

जमिनीत काय वेगळं असतं? पहिली गोष्ट, साफसफाई करणाऱ्या पेशी. पोटात सांडलेलं रक्त आणि पेशी खाऊन टाकण्याचं काम रोगप्रतिकारशक्तीच्या भक्षक पेशींचं. एंडोमेट्रिओसिसमध्ये त्या पेशी जमतात पुष्कळ, पण निंदणी करायची सोडून जणू खत घालायला लागतात. त्यांच्यातून सुटणारी रसायनं सूज वाढवतात, नवीन रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बोलावून घेतात. दुसरी गोष्ट, या जागा स्वतःच इस्ट्रोजेन तयार करतात, म्हणजे वाढीचं पाणी बाहेरून येण्याची वाटही पाहत नाहीत. आणि तिसरी, वाढ आवरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनला त्या नीट दाद देत नाहीत. हार्मोनच्या गोळ्या एकीला लागू पडतात आणि दुसरीला नाही, त्यामागे हे एक कारण आहे.

आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. ऑस्ट्रेलिया आणि स्वीडनमध्ये जुळ्या बहिणींचे अभ्यास झाले, त्यांवरून आजार होण्या-न होण्यातला साधारण निम्मा फरक जनुकांमुळे पडतो असं दिसतं. २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने हा आजार असलेल्या साठ हजारांवर आणि नसलेल्या सात लाख बायकांचा डीएनए ताडून पाहिला. धोक्याशी जोडलेल्या ४२ जागा त्यात सापडल्या. त्यांतल्या कित्येक जागांचा संबंध दुखणं जाणवण्याशी आणि टिकून राहण्याशी आहे, आणि अर्धशिशी, पाठदुखी अशा आजारांशी त्या सामाईक आहेत. आजाराचं एक जनुक असं काही नाही. पुष्कळ बारीक बारीक गोष्टींची बेरीज आहे. आईला किंवा बहिणीला असेल तर मुलीकडे लवकर लक्ष द्यावं, इतकाच याचा घरगुती अर्थ. 'आईनंच दिलं' म्हणून कुणाला बोल लावण्यासाठी हे ज्ञान नाही.

सॅम्पसन यांच्या म्हणण्यात न बसणारी उदाहरणंही आहेत. जन्मतः पिशवी नसलेल्या बायकांमध्ये हा आजार क्वचित सापडला आहे. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी वर्षानुवर्षं इस्ट्रोजेन घेतलेल्या मोजक्या पुरुषांमध्येही सापडला आहे. त्यावरून काही शास्त्रज्ञ म्हणतात की पोटाच्या पडद्यातल्या पेशीच हार्मोनमुळे किंवा सुजेमुळे रूप बदलतात. रक्ताच्या किंवा लसिकेच्या वाटेने पेशी दूर जातात असंही एक मत आहे. मला वाटतं यातल्या एकालाच जिंकवायची घाई करू नये. अंडाशयातली गाठ, पडद्यावरचे ठिपके आणि आतड्यात खोल घुसलेला आजार या तीन वेगळ्या वाटांनी आलेल्या गोष्टी असू शकतात.

२०२३ चं आणखी एक संशोधन जपानमधल्या नागोया विद्यापीठाचं. १५५ बायकांच्या नमुन्यांत त्यांना दिसलं की आजार असलेल्या सुमारे ६४ टक्के बायकांच्या पिशवीच्या अस्तरात फ्युझोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू होते, आजार नसलेल्यांमध्ये दहा टक्क्यांहून कमी. उंदरांना अँटिबायोटिक दिल्यावर आजाराच्या जागा कमीही झाल्या. बातमी मोठी आहे, पण आपल्याकडे ती जरा जपून सांगायला हवी. पोटात दुखतं म्हटलं की 'पिशवीला सूज' आणि त्यावर अँटिबायोटिक, हे गावोगाव आधीच चालू आहे. नागोयाचा निष्कर्ष त्याला पाठिंबा देत नाही. जिवाणूंमुळे आजार होतो की आजारामुळे जिवाणू टिकतात, हे ठरायचं आहे आणि बायकांवरचे उपचार सिद्ध व्हायचे आहेत. दुकानातून कोर्स आणून घेण्यात नुकसानच आहे.

उशीर कुठे होतो

१९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा एक तरी आजार होता, सरासरी काढली तर एकीला साडेतीनाहून जास्त. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त आठ टक्के. तो अभ्यास एंडोमेट्रिओसिसचा नव्हता. पण आपल्या भागातल्या बाईच्या दुखण्याची पहिली मोजदाद विदर्भातल्याच खेड्यात झाली आणि जगाने ती वाचली, हे आपल्याला शाळेतही कुणी सांगत नाही. मी वर्गात सांगते.

उशिराची सुरुवात घरात होते. 'अडचण', 'बाहेरची', 'कावळा शिवला' असे शब्द आपल्याकडे पाळीसाठी आहेत, गडचिरोलीत पाळीच्या दिवसांत वेगळ्या झोपडीत, कुर्माघरात, जाऊन राहणं आहे, पण 'नेहमीपेक्षा जास्त दुखतं' हे सांगायला शब्द नाही. पहिल्या दिवशी थोड्या कळा येणं, साध्या गोळीने थांबणं, काम चालू राहणं, हे चालण्यासारखं. शाळा बुडते, मजुरी पडते, ओकारी होते, चक्कर येते, गोळी घेऊनही उठवत नाही आणि हे दर महिन्याला होतं, तर ते 'दुखनच' नव्हे. ही एवढी रेघ प्रत्येक घरात ओढली गेली तरी कित्येक वर्षं वाचतील.

दुसरा उशीर सोनोग्राफीत होतो. पोटावरून केलेल्या साध्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट दिसते, पण पडद्यावरचे बारीक ठिपके दिसत नाहीत. रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहून येतं आणि बाईवर 'नाटक करते' असा शिक्का बसतो. नॉर्मल सोनोग्राफीचा अर्थ गाठ दिसली नाही इतकाच घ्यावा. आतून केलेली सोनोग्राफी अनुभवी डॉक्टरने केली तर खोलवरचा आजारही पुष्कळदा कळतो, काहींना एमआरआय लागतो. अविवाहित मुलीची आतून तपासणी करत नाहीत, तिच्या बाबतीत तिने सांगितलेली हकिकतच सगळ्यात मोठी चाचणी. सीए-१२५ ही रक्ताची चाचणी पुष्कळ ठिकाणी लिहून देतात. ती या आजारात वाढते तशी पोटाच्या क्षयरोगातही वाढते, त्यामुळे एकट्या तिच्यावरून काही ठरत नाही. आपल्या भागात क्षयरोगाची शंका घेणं बरोबरच आहे, पण नुसत्या शंकेवरून सहा महिने टीबीच्या गोळ्या घेऊन मग दुसरंच निघालं, असंही घडतं.

पूर्वी दुर्बिणीतून पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपच्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शनात ही अट सैल झाली: लक्षणं जुळत असतील तर ऑपरेशनची वाट न पाहता उपचार सुरू करता येतात. खेड्यातल्या बाईसाठी हा बदल फार मोठा आहे, कारण तिच्यासाठी दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे नागपूर, कर्ज आणि पंधरा दिवसांची पडलेली मजुरी. फ्रान्समध्ये लाळेतल्या सूक्ष्म आरएनए नावाच्या रेणूंवरून आजार ओळखण्याची चाचणी तयार झाली आहे, काही निवडक रुग्णालयांत ती वापरातही आली आहे. आपल्याकडे मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था भारतीय बायकांमधल्या एंडोमेट्रिओसिसची लक्षणं आणि जनुकं यांचा मोठा अभ्यास करते आहे. जनुकांची आजवरची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या बायकांची आहे, म्हणून मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो.

उपचार, आणि पिशवी काढण्याबद्दल

आजार मुळासकट संपवणारं औषध आज नाही. दुखणं आटोक्यात ठेवणं, वाढ रोखणं आणि मूल हवं असेल तर ती वाट मोकळी ठेवणं, या तीन कामांसाठी उपचार आहेत आणि ते चांगले आहेत.

मेफेनामिक अॅसिडसारख्या गोळ्या दुखणं कमी करतात. पाळीची चाहूल लागताच, काही खाऊन घेतल्या तर जास्त उपयोग होतो, कळा टोकाला गेल्यावर घेतल्या तर कमी. पित्ताचा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पण त्या आजाराला हात लावत नाहीत.

आजाराला आवर घालतात ती हार्मोनची औषधं. माझ्या नणंदेला डायनोजेस्ट मिळालं, रोज दोन मिलिग्रॅमची एक गोळी. दोन महिन्यांनी तिची पाळी थांबली आणि घरात गोंधळ झाला. "घाण रगत आंदरच साचन," असं सासूबाईंचं म्हणणं. ही भीती मी इतक्या बायकांकडून ऐकली आहे की तिचं उत्तर नीट द्यायला हवं. पाळीचं रक्त कुठे साठवून ठेवलेलं नसतं, ते दर महिन्याला वाढलेल्या अस्तराचं असतं. औषधाने अस्तर वाढतच नाही, पातळ राहतं, मग बाहेर पडायला काही उरत नाही आणि साचायलाही. बाहेर रुजलेल्या जागांचंही तसंच होतं, त्या सुकतात, शांत होतात. सुरुवातीला अधूनमधून डाग लागणं, मन उदास होणं, डोकं दुखणं असे त्रास होऊ शकतात, ते डॉक्टरांना सांगायचे. औषध बंद केलं की पाळी परत येते, आणि पुष्कळदा दुखणंही.

गर्भनिरोधाच्या गोळ्याही याच कामाला येतात. उपकेंद्रात फुकट मिळणारी माला-एन त्याच जातीची. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलेलं 'अंतरा' इंजेक्शन, म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, तेही या दुखण्यात वापरलं जातं. हार्मोन सोडणारी तांबी वेगळी मिळते, ती उपयोगी पडते. साध्या तांबीने मात्र पाळी जास्त जाऊ शकते आणि कळा वाढू शकतात, दोन्हींत गल्लत करू नये. आशाताईकडून पाकीट आणून स्वतःच सुरू करण्याआधी एकदा तपासून घ्या. आणि आपल्या भागासाठी खास: सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, एसएस (आजार असलेली) असो वा एएस (वाहक), तर हे पहिल्यांदा सांगा. कोणतं हार्मोन चालेल ते त्यावरून ठरतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे शरीरातलं इस्ट्रोजेनच खाली आणणारी औषधं. ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन जुनं आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये एलागोलिक्स आणि २०२२ मध्ये रेलुगोलिक्सची संयुक्त गोळी या दुखण्यासाठी मान्य झाली. हाडं ठिसूळ होण्याचा धोका असल्याने ही औषधं मोजून-मापून देतात.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. कुटुंब नियोजनाच्या शिबिरामुळे 'दुर्बीण' शब्द आपल्या बायकांना ओळखीचा आहे, पण हे ऑपरेशन त्याहून फार नाजूक. चिकटलेलं सोडवायचं, रुजलेलं काढायचं आणि आतडं, मूत्रनलिका, अंडाशयातली बीजं सांभाळायची. वरवर जाळणं आणि मुळापासून कापून काढणं यांतला फरक कुंदा खणणाऱ्याला वेगळा सांगायला नको. तरीही ऑपरेशननंतर पुढे औषध घेतलं नाही तर पाच वर्षांत साधारण चाळीस ते पन्नास टक्के बायकांमध्ये आजार परत येतो. अंडाशयावर पुन्हा पुन्हा ऑपरेशन केलं तर बीजांचा साठा घटतो. म्हणून मूल हवं असलेल्या बाईने किती वर्षं थांबायचं, गाठ काढायची की आधी टेस्ट ट्यूबकडे जायचं, हे वय आणि तपासण्या पाहून ठरवावं लागतं. हा आजार असलेल्या तीस ते पन्नास टक्के बायकांना गर्भ राहायला अडचण येते, म्हणजे बाकीच्यांना सहजही राहतो. 'मूल झालं की बरं होईल' हा मात्र उपचार नव्हे. गरोदरपणात पाळी नसते म्हणून आराम पडतो, नंतर दुखणं परतू शकतं.

आता पिशवीबद्दल. "दोन लेकरं झाली ना? मग काढून टाका." हा सल्ला आपल्याकडे किती सहज मिळतो! बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. एंडोमेट्रिओसिसपुरतं बोलायचं तर सुरुवातीचं वाक्य पुन्हा आठवा: आजार पिशवीबाहेरचा आहे. आतड्यावर, पडद्यावर रुजलेलं तसंच ठेवून नुसती पिशवी काढली तर दुखणं राहू शकतं. पिशवीबरोबर तिशीतच दोन्ही अंडाशयंही काढली तर अकाली रजोनिवृत्ती येते, हाडं आणि हृदय दोन्ही धोक्यात. काही बायकांना पिशवी काढून खरंच आराम मिळतो, विशेषतः पिशवीच्या भिंतीतही आजार शिरलेला असेल तर. पण बाकी उपाय करून झाल्यावर, रुजलेलं सगळं सोबत काढायचं ठरवून, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊन. आणि हा कॅन्सर नाही. अंडाशयाच्या काही कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, पण बहुतेक बायकांना तो कधीच होत नाही. 'काढली नाही तर कॅन्सर होईल' असं घाबरवून कुणी तारीख देत असेल तर उठून यावं.

हार्मोनला हात न लावणारी औषधं शोधणं हे पुढचं काम आहे. एडिनबर्ग विद्यापीठात डायक्लोरोअॅसिटेट या जुन्या औषधावर प्रयोग चालू आहेत. रुजलेल्या पेशी लॅक्टेट नावाचं रसायन जास्त तयार करतात आणि त्यावर वाढतात, ते तोडायचा हा प्रयत्न. जपानमध्ये सूज वाढवणाऱ्या एका रसायनाला अडवणारी प्रतिपिंडं माकडांमध्ये उपयोगी ठरली. यातलं काही हाती आलं तर ज्यांना मूलही हवं आहे आणि दुखणंही थांबायला हवं आहे, त्यांची ओढाताण संपेल.

नणंदेचं निदान ज्या डॉक्टरबाईंनी केलं, त्यांनी आधी कागद पाहिले नाहीत. पोट तपासताना ते विटेचे डाग दिसले आणि त्यांनी विचारलं, "किती वर्षांपासून शेकतेस?" मग विचारलं, पाळीत शौचाला बसताना दुखतं का. अकरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ती बोलायच्या आधी रडलीच. सोनोग्राफी त्यानंतर झाली.

आता ती चौतीस वर्षांची आहे. एकदा ऑपरेशन झालं, गोळी चालू आहे, वेचणीला पूर्ण दिवस येते. मूल झालं नाही. एक प्रयत्न केला, दुसऱ्याला पैसे नव्हते. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, तिच्या आत्याने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तिला खुणा करायला शिकवल्या आहेत: पाळी आली त्या तारखेला गोल, दुखलं तर फुली, शाळा बुडली तर दोन फुल्या. मागच्या तीन महिन्यांत ओळीने दोन-दोन फुल्या आल्या. पान फाडून तिने माझ्या पर्समध्ये ठेवलं आहे. सोमवारी आम्ही तिघी नागपूरला जातो आहोत.